आम्हाला आणखी तराफे नकोत

प्रति,
समुद्री शेवाळ शेतीच्या योजना आखणारे आणि त्यासाठीच्या साहित्याच्या याद्या मंजूर करणारे सर्व अधिकारी

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

मी देवगड तालुक्यातल्या एका खाडीमुखावरच्या गावात राहते. आमच्या महिला बचत गटात आम्ही दहा जणी. घरचे पुरुष दर्यावर जातात. आम्ही मासळी विकतो, सुकवतो, ओहोटीला खडपात, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांत, कालवं काढतो आणि आंब्याच्या दिवसांत बागेत पेट्या भरायला जातो. गेल्या हंगामात यात शेवाळाची भर पडली. यंदा पुन्हा कागद आला आहे : ‘साहित्य – बांबू तराफे, नग ६०.’ गटाची सचिव म्हणून त्यावर माझी सही लागते. ती मी अजून केलेली नाही. का केली नाही, ते तोंडी दोनदा सांगून झालं. आता लिहून सांगते, आणि सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहिते.

आधी तराफ्यांचं. आम्हाला मिळाले ते बारा फूट बाय बारा फुटांचे. चार बाजूंना चार बांबू, चार कोपऱ्यांत तिरके चार फुटी तुकडे, मध्ये वीस दोऱ्या, प्रत्येक दोरीला वीसेक बियाण्याच्या फांद्या, खाली जाळं. एका तराफ्याला साठ किलो बियाणं लागतं आणि पंचेचाळीस दिवसांत त्याचं चौपट होतं. हे माप तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावर, मंडपमच्या बाजूला घडलं आणि तिथे ते नीट बसलं आहे. तिथल्या बायकांनी वर्षानुवर्षं त्यावर संसार चालवले. मला त्या तराफ्याबद्दल आदर आहे. पण पाल्कच्या सामुद्रधुनीतलं पाणी म्हणजे पसरट ताटातलं पाणी. भरती-ओहोटीतला फरक मीटरभरही नसतो. आमच्याकडे उधाणाला पाणी दोन मीटरांच्या आसपास चढतं नि उतरतं, आणि खाडीच्या तोंडाला ओढ अशी, की उभ्या माणसाचे पाय सुटावेत.

दहा-दहा तराफे एकमेकांना बांधून नांगर टाकलेले. नांगराचे दोर तिकडच्या मापानेच कापून आलेले. पहिल्या पौर्णिमेला भरती चढली तसे कडेचे तराफे दोरानेच खाली ओढले गेले, कोपरे पाण्यात बुडाले. ओहोटीला दोर सैल पडला तसा एक तराफा दुसऱ्याच्या पाठीवर चढला. आमच्या गावात कुठल्याही पोराला विचारलं असतं, तरी त्याने सांगितलं असतं की नांगराचा दोर भरतीच्या पाण्याच्या तिप्पट तरी हवा. कुणी विचारलं नाही. साठातले चौदा तराफे गेले. त्यातले तीन शेजारच्या गावाच्या जाळ्यात अडकले आणि भांडण आमच्या दारात आलं. फाटलेल्या जाळ्याचे पैसे गटाच्या बचतीतून भरले, ते कुठल्याच खात्यावर दिसत नाहीत.

बांबूबद्दलही एक सांगते. सिंधुदुर्गात माणगा पिकतो, मजबूत, जवळजवळ भरीव. घराच्या वाशाला, मांडवाला त्याच्यासारखा बांबू नाही. पण भरीव बांबू पाण्यावर तरंगायला आळशी. तराफ्याला पोकळ, जाड बांबू बरा, आणि कोपऱ्यांतल्या तिरक्या तुकड्यांना माणगा. ही अक्कल इथे फुकट मिळते. साहित्य मात्र दूरच्या पुरवठादाराकडून ट्रक भरून आलं आणि त्यातले कितीतरी बांबू उतरवतानाच चिरलेले होते. त्या पुरवठादाराचं नाव इथे घेत नाही. तो गेला तर दुसरा तसाच येईल.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत एका तराफ्याचा खर्च १५०० रुपये धरला आहे आणि महिलांना ६० टक्के अनुदान आहे. म्हणजे साठ तराफ्यांचे ९०,००० रुपये, त्यातले ३६,००० आमचे. त्याच योजनेत मोनोलाइन (एकेरी दोरी) किंवा ट्यूबनेटचं एक युनिट, म्हणजे पंचवीस मीटरच्या साधारण पंधरा दोऱ्या, ८००० रुपयांना धरलं आहे. ट्यूबनेट म्हणजे जाळीची लांब पिशवी. प्लॅस्टिकच्या नळीतून बियाणं आत ढकलायचं, दोन्ही टोकं बांधायची आणि पाण्यात सोडायची. एकेक फांदी दोरीला बांधत बसावं लागत नाही, आणि ओढीच्या पाण्यात ती लवते, तराफ्यासारखी मोडत नाही. गुजरातच्या उघड्या किनाऱ्यावर हीच पद्धत जास्त टिकली. योजनेत ती आहे, मग आमच्या यादीत ती का नाही? उत्तर मिळालं, ‘गेल्या वर्षीचं अंदाजपत्रक तराफ्यांचं होतं.’

तरीही माझी सही अडली आहे ती तराफ्यांमुळे नाही. तराफे मोडले तरी आम्ही बांधले असते. खरी गोष्ट पुढे घडली, आणि ती पाण्यात घडली नाही.

तराफे ऑक्टोबरात यायचे ते डिसेंबरच्या मध्यावर आले. बियाणं जानेवारीत, एका ट्रकमध्ये, दोन दिवसांचा प्रवास करून. गोणपाटं उघडली तर काहींमधून वास येत होता. चांगलं होतं ते दोन दिवसांत बांधून टाकलं, कारण ते थांबत नाही. आता बघा : सगळं बियाणं एकदम आलं, म्हणून सगळे तराफे एकदम लागले, म्हणून सगळे एकदम काढणीला आले. मंडपमला एका बाईकडे पंचेचाळीस तराफे असतात आणि पीक पंचेचाळीस दिवसांचं, म्हणजे रोज एक तराफा काढायचा आणि तोच पुन्हा लावायचा. रोजचं काम, रोजची सुकवणी. आमच्यावर पाच दिवसांत सहा टन ओलं शेवाळ येऊन पडलं, तेही पुढच्या लावणीचं बियाणं बाजूला काढून.

सहा टन ओलं शेवाळ म्हणजे काय, ते कागदावर कळत नाही. ते जड असतं, बुळबुळीत असतं, आणि ढीग केला की रात्रीत आतून तापतं. ते पसरावंच लागतं. आमच्या अनुभवाने एका चौरस मीटरवर पाच-सहा किलोच्या वर घातलं की खालचा थर कुजतो. चांगल्या उन्हात वाळायला दोन ते तीन दिवस. हिशेब केला तर रोजचे बाराशे किलो, तीन दिवसांचे छत्तीसशे, म्हणजे सहाशे चौरस मीटर, सहा गुंठे जागा लागत होती. आमच्याकडे काय होतं? सहा ताडपत्र्या आणि पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. योजनेच्या यादीत सुकवणीसाठी एकही वस्तू नव्हती.

सासूबाई ऐंशीच्या घरातल्या. जन्मभर गोलमो, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवलेला. ओटीवरून बघत होत्या. म्हणाल्या, “गो, रेवेत सुकयलंस तर रेवच इकूक लागतली.” तसंच झालं. वाळू चिकटली ती चिकटलीच. झटकून जात नाही आणि गोड्या पाण्याने धुतलं तर शेवाळातलं सत्त्व जातं. मार्चमधलं दव रात्री पडायचं, दिवसा वाळलेलं पहाटे पुन्हा ओलं. चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. ताडपत्री खाली घातलेली, वर घालायला काय? घरातल्या चादरी, जुनी शिडं, शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदासुद्धा आणला. दहा किलो ओल्याचं एक किलो सुकं होतं, म्हणजे सहाशे किलो तरी व्हायला हवं होतं. चारशेही झालं नाही. घेणाऱ्याने मूठभर हातात घेऊन दाबलं, ओल जास्त म्हणाला, वाळू दाखवली आणि भाव निम्म्यावर आणला. आमच्याकडे ना ओल मोजायचं यंत्र, ना आमचा काटा. त्याच्या हाताच्या मुठीवर आमचे तीन महिने ठरले.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. पुढच्या हंगामात आम्हाला पाण्यातलं काही देण्याआधी किनाऱ्यावरचं द्या.

किनाऱ्यावरचं म्हणजे फार मोठं काही नाही. कंबरभर उंचीचे मांडव, माणग्याचेच, वर ताणून बांधलेली जाळी, म्हणजे खालून वारा आणि वाळूचा प्रश्नच नाही. कोळीवाड्यांत बोंबील उंच मांडवांवर टांगून का सुकवतात, ते ज्याने एकदा पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. त्यावर पारदर्शक कागदाचं छप्पर असलेला सौर सुकवणी मंडप निदान एक तरी, पावसासाठी आणि दवासाठी. कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने मासळीसाठी सौर शुष्कक तयार केले आहेत, वीज किंवा गॅसची जोड असलेलेही. ते शेवाळाला चालतील का, हे पाहायला मोठं संशोधन लागणार नाही. एक हंगाम आणि एक गट लागेल, तो गट व्हायला आम्ही तयार आहोत. ओल मोजायचं यंत्र एक. शंभर किलोचा काटा एक, आमचा. आणि वाळलेलं शेवाळ दाबून गाठी बांधायचा हातदाबाचा प्रेस. वाळलेलं शेवाळ म्हणजे पोत्यात भरलेली हवा असते. न दाबता नेलं तर अर्ध भाडं हवेचंच.

यातलं काहीच बुडत नाही, वाहून जात नाही, आणि शेवाळ फसलं तरी मांडवावर बांगडा सुकतो. तराफ्यापेक्षा हा सुरक्षित खर्च आहे, हे लेखापरीक्षकालाही पटेल.

आता यंत्राची गोष्ट, जी हसण्यासारखी आहे म्हणून थोडक्यात. ‘प्रक्रियेसाठी’ एक दळणयंत्र आलं. बाहेरून हिरवा रंग, आतून साधं लोखंड. आमच्या गावातल्या गिरणवाल्याने बघताच सांगितलं, ही मसाला कांडायची चक्की आहे. शेवाळात मीठ असतं. दोन आठवड्यांत आतून तांबडी पूड पडायला लागली. त्यात मोटर थ्री फेज आणि आमच्या शेडला सिंगल फेज. खाऱ्या मालासाठी ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील लागतं, ज्यात मॉलिब्डेनम असतं आणि जे मिठाला तोंड देतं. हे वेल्डिंग शिकलेल्या आमच्या भाच्याला माहीत होतं. निविदेत मात्र फक्त ‘दळणयंत्र, क्षमता अमुक’ असं लिहिलं होतं. चक्की आता शेडमध्ये आहे, तिच्यावर कोंबडी अंडी घालते.

प्रशिक्षणात आम्हाला कॅराजिननच्या, म्हणजे शेवाळातून निघणाऱ्या, पदार्थ दाट करणाऱ्या द्रव्याच्या कारखान्याचंही स्वप्न दाखवलं. आइस्क्रीममध्ये जातं, टूथपेस्टमध्ये जातं, खरं आहे. पण ते काढायला शेवाळ गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये शिजवावं लागतं आणि मग पुष्कळ गोड्या पाण्याने धुवावं लागतं. एप्रिल-मेमध्ये आमच्या वाडीत टँकर येतो. त्या कॉस्टिकच्या पाण्याचं काय करायचं, खाडीत सोडायचं? जिथे आम्ही कालवं काढतो? तो कारखाना कुठेतरी व्हावा, पण गटाच्या शेडमध्ये नको.

शेवाळाच्या रसाचं मात्र वेगळं. ताजं शेवाळ चिरडून रस काढायचा आणि राहिलेला चोथा कॅराजिननसाठी विकायचा, ही पद्धत भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने आखली. हा रस पिकावर फवारतात. नाशिकचे द्राक्षवाले ‘सीवीड’च्या बाटल्या घेतात, आमच्या देवगडचे हापूसवालेही घेतात, आणि त्या बाटल्यांवरचे पत्ते कुठकुठले असतात. माझी आजी वादळानंतर किनाऱ्याला लागलेलं शेवाळ टोपलीने आणून माडाच्या आळ्यात टाकायची. तिला त्यासाठी बाटली लागली नाही. रसाला सुकवणी लागत नाही, आमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. पण २०२१ पासून असली उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. चाचण्या आणि नोंदणी झाल्याशिवाय बाटली विकता येत नाही. दहा बायकांचा गट ते करू शकत नाही. तालुक्याला एक रस काढायचं केंद्र, त्याची नोंदणी एकदाच, आणि आसपासच्या गटांनी ताजा माल सकाळी पोचवायचा, असं झालं तर जमेल. गटागटाला एकेक यंत्र वाटलं, तर दहा गावांत दहा कोंबड्या बसतील.

बियाण्याचं मी वर सांगितलं, पण मुळाशी जाऊन पाहा. आपण लावतो ते कप्पाफायकस मूळचं इथलं नव्हे. ते फिलिपिन्सच्या बाजूचं. १९८४ साली भावनगरच्या संस्थेने भारतात आणलं, ओख्याला वाढवलं आणि पुढे मंडपमला नेलं. तिथपासून फांदी तोडायची, बांधायची, वाढवायची. आंब्याच्या भाषेत सांगायचं तर सगळी कलमं थोड्याच झाडांची. २०१३ नंतर पाणी तापल्यावर तामिळनाडूतलं पीक कोसळलं, त्यालाही ही म्हातारी कलमं कारण आहेत असं जाणकार म्हणतात. केंद्राने २०२४ मध्ये जिवंत शेवाळ आयात करण्याचे नियम काढले ते चांगल्या बियाण्यासाठीच. ते बियाणं येईल तेव्हा येईल. आमची अडचण जवळची आहे : जून ते सप्टेंबर आमच्याकडे शेवाळ जगत नाही. खाडीचं पाणी गोडं होतं, समुद्र उभा राहतो. मग दर वर्षी ट्रक. जिल्ह्यात एका ठिकाणी, गाळलेलं खारं पाणी आणि हवा सोडणारे पंप असलेल्या टाक्यांत पावसाळाभर बियाणं जगवता आलं, तर ऑक्टोबरपासून आठवड्याला थोडं थोडं मिळेल, थोडं थोडं लागेल, थोडं थोडं निघेल. सुकवणीचा सगळा गोंधळ मग वाटून जाईल. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे. टाक्या आणि तरुण हात तिथे नसतील तर कुठे असतील?

त्याच्याबरोबर प्रत्येक गटाला खारेपणा मोजायचा छोटा रिफ्रॅक्टोमीटर द्या. एक थेंब पाणी टाकायचं आणि डोळ्याला लावायचं. गेल्या हंगामात आम्ही तराफे खाडीच्या आत दोनशे मीटर लावले, कारण तिथे लाटा कमी. आत वाढ बारीक का झाली, ते नंतर कळलं. यंत्र असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

आता एक बारीक वाटणारी, पण बारीक नसलेली गोष्ट. तराफ्याखालचं जाळं. यंदाच्या यादीत ते ‘ऐच्छिक’ केलंय, खर्च वाचवायला. ते जाळं पाला खाणारे मासे आणि कासवं अडवतं, एवढंच आपल्याला सांगतात. पण तुटलेली फांदी वाहून जाऊ नये, हेही त्याचं काम आहे. हे शेवाळ तुकड्यापासून वाढतं. मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ ते प्रवाळांवर चढल्याचं शास्त्रज्ञांनी २००८ सालीच लिहून ठेवलंय. आमच्या खाली मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहेत. जाळ्याचे थोडे पैसे वाचवून आम्हाला तसल्या पापात ढकलू नका. मला विचाराल तर अभयारण्याच्या जवळपासच्या गावांना परदेशी जात देऊच नये. इथली ग्रॅसिलेरिया लावून बघावी. ती वाढते हळू, पण तिच्यापासून अगार, म्हणजे जेली धरणारा पदार्थ, निघतो.

आणि शेवटी होडी. योजना महिलांची, अनुदान महिलांचं, फोटो महिलांचे. तराफे मात्र छातीभर पाण्याच्या पलीकडे. आमच्यातल्या दहापैकी तिघींना पोहता येतं. होडी गटाकडे नाही. ज्या दिवशी नवऱ्याला किंवा दिराला वेळ, त्या दिवशी आमची शेती. झांझिबारला १९८९ पासून बायका शेवाळ लावतात, ओहोटीच्या उथळ पाण्यात खुंट्या ठोकून, आपल्या पायांवर चालत जाऊन. तिथे पाणी तापून उथळातलं पीक मरायला लागलं तेव्हा खोल पाण्यात जाळीच्या नळ्या लावायचं ठरलं, आणि पहिला प्रश्न आला तो हाच, की बायकांना होड्या नाहीत आणि पोहणं येत नाही. आम्हाला सपाट बुडाची छोटी फायबरची होडी हवी, वल्ह्याची चालेल, गटाच्या नावावर. दहा लाइफ जॅकेट्स, बायकांच्या मापाची. गेल्या वेळी आलेली गुडघ्याला लागत होती. पोहायला शिकवायला कुणी बाई पाठवलीत तर त्याला साहित्य म्हणायचं की प्रशिक्षण, ते तुम्ही ठरवा.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. गावात पेढे वाटले गेले. आमच्या सुकवणी मंडपाच्या पंख्याला शेतीच्या दराची वीज लागेल का? अवकाळीने भिजलेल्या शेवाळाचा पंचनामा तलाठी करील का? गेल्या मार्चमध्ये आमच्या बाजूच्या बागेत आंब्याचा पंचनामा झाला. मध्ये एक दगडी गडगा होता. गडग्याच्या अलीकडे आमचं शेवाळ काळं पडत होतं, तिकडे कुणी पाहिलं नाही, कारण त्या रकान्याला नावच नव्हतं.

तेव्हा मंजूर झालेल्या साठ तराफ्यांचे पैसे असे फिरवता आले तर पाहा : वीस तराफे खाडीच्या आतल्या शांत पाण्यासाठी, आधी खारेपणा मोजून, जाळ्यांसह, दोर आमच्याकडून माप घेऊन, बाहेरच्या पाण्यासाठी ट्यूबनेटची दोन युनिटं, बाकीचं मांडव, काटा आणि ओल मोजायच्या यंत्राकडे. होडीचं वेगळं बोलू. आमचा वाटा आम्ही देऊ, गेल्या वर्षीही दिला होता. नियमात बसत नसेल तर नियमाचा क्रमांक लेखी कळवा, म्हणजे वर कुणाला लिहायचं ते मला कळेल.

ऑक्टोबरच्या पहिल्या भांगाच्या भरतीला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत, ओढ कमी असताना, लावणी व्हायला हवी. त्याआधी मांडव उभे राहायचे तर बांबू पावसाळ्यात तोडलेला नको, त्याला कीड लागते. तो आत्ताच, उन्हाळ्यात तोडून ठेवला पाहिजे. म्हणजे निर्णयाला फार दिवस नाहीत. गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला देवळाच्या सभामंडपात असते. तुमच्यापैकी कुणी येणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून ओहोटीची वेळ विचारा, आणि चपला बदलायच्या घेऊन या. खडपात धार असते.

आपली,
सचिव, एक महिला बचत गट
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग